खिशांतला चाकू आणि त्याची किंमत

पार्सलाची सुतळी कापावयाची असते, मुलाची पेन्सिल तासावयाची असते, नव्या सदऱ्याचा लोंबणारा दोरा तोडावयाचा असतो, आगगाडींत पेरू चिरावयाचा असतो, आणि अशा प्रत्येक वेळीं घरांत एकच आरोळी उठते, "चाकू कुठें गेला?" विळी या कामांस उपयोगी नाहीं, आणि स्वयंपाकघरांतील सुरी उचलून पुठ्ठ्यावर चालविली तर गृहिणीचा रोष ओढवतो, तो योग्यही असतो. अखेर दांत, नख किंवा कुलुपाची किल्ली यांवर वेळ मारून नेली जाते. ज्याच्या खिशांत अथवा जिच्या पिशवींत दोन-अडीच इंची पात्याचा, मिटून ठेवतां येणारा चाकू असतो, त्यांना ही यातायात ठाऊक नसते.

असा चाकू घेण्यासाठीं बाजारांत गेलेला मनुष्य हल्लीं पुष्कळदां रिकाम्या हातानें परत येतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीं घेतलेला चाकू हरवला, म्हणून तसाच दुसरा घ्यावा या समजुतीनें तो जातो. आणि दुकानदारानें सांगितलेला आंकडा ऐकून त्यास आपण चाकू मागितला कीं घड्याळ, अशी शंका येते. त्याच कांचेच्या कपाटांत, शेजारींच, दिसावयास हुबेहूब तसाच चाकू दशांश किंमतीस ठेवलेला असतो. महाग घ्यावा तर लुबाडले गेल्याची रुखरुख, स्वस्त घ्यावा तर फसल्याची. या पेंचांतून सुटावयाचें तर आधीं एक प्रश्न विचारला पाहिजे: चाकूच्या किंमतींत पैसे मोजले जातात ते नेमके कशाचे? पोलादाचे, कारागिराच्या हाताचे, नांवाचे, कीं चलनाच्या चढउताराचे?

पोलादाचे तर फारच थोडे. लहान पात्यास लागणारें पोलाद एक-दोन तोळ्यांहून अधिक भरत नाहीं, आणि तें उत्तमांतलें उत्तम घेतलें तरी त्यानें किंमत एवढी चढावी असें नाहीं. खरी गोम पुढेंच आहे.

या चाकूचा जन्म लेखणीच्या सेवेसाठीं झाला. युरोपांत पिसाच्या लेखणीस वारंवार टोंक करावें लागे; म्हणून इंग्रजींत त्यास 'पेननाइफ', म्हणजे लेखणीचा चाकू, हें नांव पडलें. इकडे बोरू होता. बोरूचें टोंक तिरकस छाटणें, मध्यें बारीक चीर देणें आणि झिजलें कीं पुन्हां छाटणें हें काम ज्या हत्यारानें होई, त्यास फारशींतून आलेला 'कलमतराश' हा शब्द होता. बोरू गेला, पीस गेलें, टांक आला आणि तोही गेला. चाकू मात्र मागें राहिला. लेखणीसाठीं ठरलेला त्याचा लहान आकार पुढें इतर शेंकडों किरकोळ कामांस सोयीचा पडला, एवढाच त्याचा इतिहास. मोठ्या पात्याची हौस असणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ज्या चाकूनें बोरूची चीर साधत नाहीं, त्यानें पेन्सिलही नीट तासली जात नाहीं.

इंग्लंडांतील शेफील्ड हें या धंद्याचें जुनें माहेरघर. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरनें लिहिलेल्या 'कँटरबरी टेल्स' या काव्यांत एका गिरणीवाल्याच्या मोज्यांत शेफील्डचा चाकू खोंवलेला आहे; म्हणजे त्या काळींच गांवाचें नांव चाकूशीं जडलें होतें. १६२४ मध्यें पार्लमेंटनें कायदा करून तेथील कारागिरांचा संघ स्थापिला. पुढें १७४० नंतरच्या दशकांत बेंजामिन हंट्समन नांवाच्या घड्याळजीनें, घड्याळाच्या कमानींसाठीं मनाजोगतें पोलाद मिळेना म्हणून, मातीच्या मुशींत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत काढली. घडीच्या चाकूचा जीव पात्याइतकाच कमानींत असतो, त्यामुळें घड्याळजीची ही खटपट चाकूवाल्यांनाही फळली.

शेफील्डचा चाकू एका हातानें होत नसे. एक जण पातें ठोकून घडवी, दुसरा तें दगडावर घांसून धार काढी, तिसरा पातें, कमान, पितळेचे पत्रे आणि मुठीचे तुकडे जुळवून खिळे ठोकी. आपल्या लहानशा खोलींत, स्वतःच्या जबाबदारीवर काम घेणाऱ्या अशा कारागिरास तेथील बोलींत 'लिट्ल मेस्टर', म्हणजे छोटा उस्ताद, म्हणत. या तिघांत मधल्याचें काम जीवघेणें होतें. वालुकाश्माचा प्रचंड दगड गरगर फिरावयाचा, त्यावर ओणवें बसून पातें धरावयाचें, आणि दगडाची व पोलादाची धूळ श्वासाबरोबर आंत घ्यावयाची. फ्रीड्रिश एंगल्सनें १८४५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या इंग्रज कामकऱ्यांवरील ग्रंथांत शेफील्डच्या एका डॉक्टराच्या आधारें नमूद केलें आहे कीं, कोरड्या दगडावर काम करणारांचें सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षांचें आणि ओल्या दगडावर काम करणारांचें क्वचितच ४५ च्या वर. फ्रान्समधील तियेर गांवचे घांसणारे तर नदीकांठच्या थंडगार कारखान्यांत फळीवर पालथे पडून काम करीत, आणि ऊब राहावी म्हणून त्यांचे कुत्रे त्यांच्या पायांवर निजत.

त्या काळच्या स्वस्त चाकूच्या किंमतींत हीं हरवलेलीं वर्षें धरलेलीं नव्हतीं. आज धूळ शोषून घेणारीं यंत्रें, पाण्याखालीं चालणारीं कृत्रिम चाकें, कामाचे ठराविक तास आणि म्हातारपणची तरतूद यांचा खर्च चाकूवर बसतो. किंमतींतील वाढीचा हा भाग कुरकुर न करितां द्यावा अशा योग्यतेचा आहे. किंबहुना, तो पूर्वींच द्यावयास हवा होता.

शिवाय हात उरले थोडे. शेफील्डचा स्टॅन शॉ हा कारागीर १९२६ मध्यें जन्मला, शाळा सुटतांच पोरवयांत कारखान्यांत शिरला आणि २०२१ मध्यें वारला. म्हणजे जवळजवळ ऐंशीं वर्षें त्यानें घडीचे चाकू केले. एकाच माणसानें पातें, कमान व मूठ हें सारें करून उतरविलेला चाकू त्याच्याकडून घ्यावयाचा तर गिऱ्हाइकास वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. अशा चाकूची किंमत दागिन्याच्या हिशेबानें होते आणि ती तशीच व्हावी. मात्र तो पुठ्ठा कापण्यासाठीं कोणी घेत नाहीं, घेऊंही नये.

मुठींचीही एक कथा आहे, आणि तिचा धागा हिंदुस्थानापर्यंत येतो. शेफील्डच्या उंची चाकूंच्या मुठी पुष्कळदां सांबराच्या शिंगाच्या असत. हें शिंग इतर हरणांच्या शिंगांपेक्षां भरीव असतें, तासलें तरी आंतला पोकळ भाग लवकर लागत नाहीं, आणि वरची खरबरीत साल हातांत घट्ट बसते. तें जाई इकडून. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यापुढील निर्बंध यांमुळें ही निर्यात बंद पडली. हस्तिदंताचा व्यापार तर आंतरराष्ट्रीय करारानेंच थांबला. त्यामुळें जुन्या सांठ्यांतील शिंगाची मूठ आज अपूर्वाईची झाली आहे व तिच्यासाठीं पात्याहून अधिक पैसे पडतात. पेन्सिल तासणारास शिंग आणि चांगलें लांकूड यांत कामापुरता कांहींच फरक जाणवणार नाहीं, आणि सांबराला तर तो मोठाच जाणवतो.

आतां ज्या चाकूची किंमत ऐकून हिंदी गिऱ्हाईक सर्वांत अधिक दचकतें, तो स्वित्झर्लंडचा तांबड्या मुठीचा चाकू. स्विस सैन्यानें शिपायांसाठीं घडीचा चाकू ठरविला तेव्हां तो मोठ्या संख्येनें करण्याची सोय त्या देशांत नव्हती. पहिला पुरवठा जर्मनींतील झोलिंगेन येथून झाला. श्विट्स परगण्यांतील इबाख गांवीं १८८४ मध्यें कारखाना काढणाऱ्या कार्ल एल्झेनर यास हें लाजिरवाणें वाटलें, आणि १८९१ मध्यें त्यानें सैन्यास स्वदेशी चाकू पुरविण्यास आरंभ केला. झोलिंगेनचा माल स्वस्त होता. एल्झेनर कर्जांत बुडाला, बरोबरचे कारागीर गळाले, आप्तांच्या मदतीनें तो कसाबसा तरला. १८९७ मध्यें त्यानें अधिकाऱ्यांसाठीं हलका चाकू केला. दोनच कमानींवर दोन्ही बाजूंचीं हत्यारें बसविण्याची त्याची युक्ति हेंच त्या चाकूच्या यशाचें मर्म होय. 'व्हिक्टोरिनॉक्स' या नांवांतील पहिला भाग त्याच्या आईच्या व्हिक्टोरिया या नांवाचा, आणि शेवटचा 'न गंजणारें' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा.

हा चाकू महागला तो केवळ कारखानदाराच्या लोभानें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. इ. स. २००० च्या सुमारास एक स्विस फ्रँक साधारणपणें २७ रुपयांस मिळे. १५ जानेवारी २०१५ रोजीं स्विस मध्यवर्ती बँकेनें युरोच्या तुलनेंत फ्रँकचा भाव रोखून धरण्याचें सोडून दिलें आणि एका दिवसांत तो उसळला. तिकडे रुपया उतरतच होता. २०२५ च्या उत्तरार्धांत एका फ्रँकास ११० रुपये पडूं लागले. तेव्हां इबाखमध्यें एखाद्या चाकूची किंमत या पंचवीस वर्षांत एका कवडीनेंही वाढली नसती, तरी पुण्या-मुंबईस ती चौपट झाली असती. त्यांत भर पडली ती २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर युरोपांत भडकलेल्या इंधनाच्या भावांची. कारण पातीं लाल करून विझविण्याच्या भट्ट्यांस इंधन लागतें. जकातींचा खेळ आणखी निराळा. अमेरिकेनें ऑगस्ट २०२५ मध्यें स्विस मालावर ३९ टक्के जकात बसविली आणि नोव्हेंबरांत ती १५ टक्क्यांवर आणण्याचें ठरलें. तेवढ्या तीन महिन्यांत तिकडच्या दुकानदारांनीं काय भाव लावावे याचा मेळ कसा बसणार! हिंदी गिऱ्हाइकानें यांतून घ्यावयाचें तें इतकेंच, कीं रुपयांतली वाढ पाहून चाकू पूर्वींपेक्षां चांगला झाला असावा असें समजूं नये. चाकू बहुतांशीं तोच आहे.

नांवाच्या पैशांबद्दल मात्र सावध राहावें. झोलिंगेन हें नांव १९३८ पासून जर्मन कायद्यानें राखलेलें आहे. महत्त्वाचें काम त्या गांवच्या हद्दींत झाल्याखेरीज तें पात्यावर उमटवितां येत नाहीं. याच्या उलट गोष्ट फ्रान्समधील लायोल गांवाची. तेथील डौलदार, मुठीवर माशीचें चिन्ह असलेला चाकू जगप्रसिद्ध झाला. परंतु त्या नांवावर गांवाचा असा एकाधिकार राहिला नाहीं आणि दूरदेशींचा अगदीं हलका मालही तेंच नांव घेऊन विकला जातो. इंग्रजांनीं परक्या मालावर मूळ देशाचें नांव घालण्याची सक्ति १८८७ च्या कायद्यानें केली, तींत जर्मन चाकूंवर शेफील्डचें नांव ठोकलें जात असल्याची तक्रार हें एक मोठें कारण होतें. तेव्हां नांवाची चोरी ही कांहीं आजची नव्हे. पात्यावरचें नांव वाचून निवड करणारा शतकापूर्वींही फसत होता.

मग निवड कशी करावी? चाकू हातांत घेऊन, आणि घाई न करितां. दुकानदाराच्या कपाळास आंठ्या पडल्या तरी पुढील गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे काढूं नयेत.

कमानीच्या चाकूंत पात्याचा मुठींत राहणारा बुंधा साधारण चौकोनी असतो. पाठीमागची कमान त्याच्या सपाट बाजूवर दाबून बसलेली असते. पातें उघडूं लागलें कीं बुंध्याचा कोपरा कमानीस वर उचलतो, आणि पुढची सपाट बाजू आली कीं कमान खालीं बसते. 'खट्' असा जो आवाज होतो तो या बसण्याचा. हा आवाज स्वच्छ व एकदम यावा. पातें लोण्यांतून फिरल्यासारखें नुसतेंच उघडत असेल तर कमान दुबळी आहे. तें बोटांवर मिटण्याचा संभव असतो. उलट, उघडतांना नख मोडेल इतकी ताठ कमानही कामाची नाहीं, कारण असा चाकू बायका-मुलें हातांतच धरणार नाहींत, आणि घरांतील एकानेंच वापरावा असा चाकू घेण्यांत काय अर्थ आहे? पातें पूर्ण उघडल्यावर मूठ एका हातांत धरून दुसऱ्या हाताच्या चिमटींनें पात्याचें टोंक डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावें. केसभर हालचाल नव्या चाकूंत असली कीं वर्षभरांत ती वळवळ होते. मग चाकू मिटून पातें दोन्ही पत्र्यांच्या बरोबर मध्यें बसतें कीं एका बाजूस घांसतें तें पाहावें. शेवटीं चाकू उजेडाकडे धरावा. कमान व पत्रे यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर जुळणी ढिली झाली आहे असें खुशाल समजावें. जुन्या कारागिरांची ही परीक्षा अजून खोटी ठरलेली नाहीं.

दशांश किंमतीचा जुळा भाऊ बहुतेक वेळां याच परीक्षेंत नापास होतो. त्याचें पातें दिसतें चकचकीत. परंतु चकाकीसाठीं फिरतें चाक पुरतें, आणि जुळणीसाठीं मात्र माणसाची नजर व वेळ लागतो, ज्यांत त्याच्या कारखानदारानें कपात केलेली असते. पात्यास पाणी नीट दिलें आहे कीं नाहीं, हें दुकानांत कळण्यास मार्ग नाहीं. तें घरीं कळतें: दोन पुठ्ठे कापतांच धार मुडपते. महाग चाकूच्या जादा किंमतीपैकीं जो भाग सांध्याच्या जुळणीसाठीं आणि पात्याच्या पाण्यासाठीं जातो, तो गिऱ्हाइकाच्या पदरांत पडतो. बाकीच्याचा विचार करावा.

पोलाद दोन जातींचें. साधें कर्बयुक्त पोलाद लवकर धार घेतें व दगडावर लवकर लागतें. पण लिंबू किंवा कैरी कापून तसेंच ठेवलें तर काळें पडतें आणि गंजतें. दुसरें न गंजणारें. तें शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्ली यानें १९१३ मध्यें, बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबविण्याचा मार्ग शोधतांना, सुमारें १३ टक्के क्रोमियम घालून केलें. आरंभीं गांवच्या चाकूवाल्यांनीं त्याची टवाळी केली, कारण तें घडविण्यास व घांसण्यास चिवट जाई. आजच्या स्विस चाकूचें मोठें पातें रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास कठीण असतें, आणि कमानी मुद्दाम ४९ च्या ठेवतात, म्हणजे त्या वांकतात पण मोडत नाहींत. साठीच्या वर कठीणपणा असलेलीं, भुकटीपासून केलेल्या पोलादाचीं पातीं अलीकडे पुष्कळ मिरवतात व त्यांचे दामही तसेच असतात. त्यांची धार महिनोन्महिने टिकते हें खरें; पण गेली कीं घरच्या दगडावर ती परत आणतां आणतां मनुष्य मेटाकुटीस येतो. कोंकणांतल्या दमट हवेंत राहणारानें न गंजणारें पातें घ्यावें. ज्यास चाकू पुसून ठेवण्याची संवय आहे त्यानें साधें पोलाद घेतलें तरी चालेल, आणि धारेचा आनंद त्यासच अधिक मिळेल.

हत्यारांची संख्या हा मोहाचा विषय आहे. कात्री, कानस, बूच उपसणी, करवत, भिंग! प्रत्येक नव्या थरासाठीं नवा पत्रा, कधीं नवी कमान, आणि खिशांत तेवढी जाडी. फार हत्यारांचा चाकू टेबलाच्या खणांत राहतो, आणि खणांतला चाकू आगगाडींत उपयोगी पडत नाहीं. एक पातें आणि एक लहान कात्री, फार तर पेंचकस, एवढ्यावर सामान्य घराचें भागतें. याच कारणानें ५८ मिलिमीटर लांबीचा सर्वांत धाकटा स्विस चाकू, ज्याकडे पुरुष मंडळी खेळणें म्हणून पाहतात, तोच प्रत्यक्षांत अधिक वापरला जातो.

कमी भागांचा चाकू स्वस्त कां असूं शकतो, याचें उत्तम उदाहरण फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतांत आहे. झोझेफ ओपिनेल यानें १८९० मध्यें शेतकऱ्यांसाठीं एक चाकू केला व १८९७ पर्यंत त्याचे १ ते १२ असे क्रमांक पाडले. त्यांत कमान नाहींच. बीच लांकडाची एक गोल मूठ, तींत चीर, पातें, एक खिळा आणि तोंडाशीं धातूचें कडें; १९५५ मध्यें पातें अडकविण्यासाठीं फिरतें वळें आलें. असे अवघे पांच भाग, आणि ते यंत्रावर होण्याजोगे. म्हणून तो आजही कमानीच्या फ्रेंच चाकूंच्या मानानें पुष्कळ स्वस्त आहे. जपानांतील मिकी गांवचा 'हिगोनोकामी' हाही त्याच बुद्धीचा: दुमडलेल्या पत्र्याची मूठ, अंगठ्यानें दाबून धरावयाची एक दांडी, आणि संपलें. या दोन्हींत स्वस्ताई आली ती भाग गाळून. केलेल्या कामांत कसर करून आलेली नव्हे. स्वस्त चाकू घ्यावयाचा असेल तर तो या जातीचा घ्यावा, महागाची नक्कल घेऊं नये.

कायद्याचीही थोडी माहिती असावी. हिंदुस्थानांत शस्त्रकायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे व घरकामासाठीं केलेलीं हत्यारें त्यांतून वगळलीं आहेत. त्यामुळें खिशांतल्या अडीच इंची चाकूस त्याची झळ लागत नाहीं. बटन दाबतांच उघडणाऱ्या चाकूंवर मात्र कांहीं राज्यांत निराळे निर्बंध आहेत, आणि अशा चाकूचें घरांत कामही नसतें. विलायतेस शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींनीं हें लक्षांत ठेवावें कीं, तेथें ३ इंचांपर्यंतच्या धारेचा, न अडकणारा घडीचा चाकूच सबळ कारण न देतां जवळ बाळगतां येतो. वळें फिरवून पातें अडकणारा चाकू त्या सवलतींत बसत नाहीं. विमानांत तर हातसामानांतून चाकू पुष्कळ ठिकाणीं जाऊं देत नाहींत. २००१ च्या सप्टेंबरानंतर विमानतळांवरील दुकानांतून चाकू नाहींसे झाले तेव्हां इबाखच्या कारखान्याची विक्री एकदम घसरली, तरी त्यांनीं कामगार काढले नाहींत. कांहींना गांवांतल्या इतर कारखान्यांकडे तात्पुरतें कामास दिलें. आज अनेक चाकू तपासणीच्या टेबलावर मालकांस मुकतात. प्रवासास निघतांना चाकू मोठ्या पेटींत टाकावा, एवढी आठवण गृहिणीनें ठेवली तर एक खरेदी वांचते.

आणि चाकू घेऊन झाल्यावर बरोबर एक निसणा घ्यावा. याविषयीं लोक फार कंजुषी करतात. चाकूस भरपूर पैसे मोजणारा मनुष्य दगडास थोडे द्यावयास कां कू करितो, व वर्षभरानें चाकू बोथट म्हणून दुसरा शोधूं लागतो. पातें दगडावर सपाट ठेवावें, पाठ एकावर एक ठेवलेल्या दोन रुपया-नाण्यांइतकी उचलावी, आणि जणूं दगडाचा पातळ पापुद्रा कापावयाचा आहे अशा बेतानें धार पुढें करून सरकवावें. पाणी किंवा तेल लावावें, दाब हलका. एका बाजूस घांसतां घांसतां दुसऱ्या बाजूस केसासारखी धातूची कड हाताला लागली कीं बाजू बदलावी. शेवटीं जुन्या चामडी पट्ट्यावर, न्हावी वस्तरा फिरवितो तसें, धार मागें ठेवून आठ-दहा वेळां ओढावें. टांगलेल्या वर्तमानपत्राच्या कडेवर पातें टेकवून खालीं ओढलें असतां कागद न फाटतां कापला गेला, म्हणजे काम झालें. बोथट चाकूला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला कीं तो घसरतो; घरांतील बोटें बहुधा अशाच चाकूनें कापतात. पोरांच्या हातीं चाकू देऊं नये असें म्हणणारे वडील हे विसरतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलास किंवा मुलीस, शेजारीं बसून, धारेचा लहान चाकू देऊन पेन्सिल तासावयास शिकवावें: पातें अंगापासून दूर चालवावयाचें, मिटतांना बोटें चिरेंत ठेवावयाचीं नाहींत, आणि दुसऱ्यास देतांना चाकू मिटूनच द्यावयाचा.

सांध्यांत खिशांतला धागा, धूळ व पेरूचा रस जाऊन बसतो. सहा महिन्यांनीं एकदां चाकू कोमट पाण्यांत उघडझांप करून धुवावा, पुरता वाळवावा आणि खिळ्यापाशीं यंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. खाण्याच्या जिनसा कापावयाच्या असतील तर वैद्याच्या दुकानांत मिळणारें शुद्ध पांढरें तेल बरें. लांकडी मुठीचा चाकू मात्र पाण्यांत बुडवूं नये. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणपट्टींत, ओपिनेलची मूठ फुगते, चीर आंवळते आणि नखानें पातें कांहीं केल्या निघत नाहीं. साव्हॉयच्या शेतकऱ्यांनीं यावर तोड काढलेली आहे: वळें मोकळें करून मिटलेल्या चाकूच्या मुठीचें मागचें टोंक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटावें, म्हणजे पातें चिमटींत धरण्याइतकें आपोआप बाहेर येतें.